हमालाच्या पाठीला यंत्र लागलं, तर पोतं किती किलोचं होईल?

कांद्याचा हंगाम भरात असला की सोलापूरच्या हैदराबाद रस्त्यावरच्या मार्केट यार्डात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. गेल्या हंगामात तिथल्या चहाच्या टपरीवर एका हमाल मामांनी मला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा गोदामातला माणूस. पाठीला आणि मांड्यांना पट्ट्यांनी एक सांगाडा बांधलेला. तो वाकला की सांगाडा वाकायचा, आणि उठताना त्याला वर रेटायचा. खोक्यांमागून खोकी तो सहज उचलत होता. व्हिडिओ संपल्यावर मामा म्हणाले, "मालक, हे आपल्याकडं आलं तर चांगलंच की. पण मग पोतं किती किलोचं करतील?"

या विषयावरचे जाडजूड अहवाल मी वाचले आहेत. इतका नेमका प्रश्न त्यांत क्वचित सापडतो. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

गेल्या काही वर्षांतल्या बातम्या आठवा. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीने आपली पहिली चिप माणसाच्या मेंदूत बसवली. मार्च २०२५ मध्ये वजन उतरवणारं मौंजारो हे इंजेक्शन भारतात विक्रीला आलं. त्याआधी, २०२३ च्या अखेरीस, जनुकांत दुरुस्ती करणाऱ्या पहिल्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. एक बातमी तंत्रज्ञानाच्या पानावर, दुसरी आरोग्याच्या, तिसरी विज्ञानाच्या. पण तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: माणसाच्या शरीराची आणि बुद्धीची क्षमता बाहेरून बदलता येऊ लागली, तर त्याची तयारी कुणी आणि कशी करायची?

आधी शब्द समजून घेऊ

चष्मा लावला की अंधुक दिसणाऱ्याला इतरांसारखं दिसतं. दुर्बीण लावली की कुणालाच दिसत नाही ते दिसतं. चष्मा उणीव भरून काढतो, दुर्बीण भर घालते. या दुसऱ्या प्रकाराला 'क्षमतावर्धन' म्हणतात.

अडचण अशी की ही सीमारेषा जागेवर राहत नाही. लकवा झालेल्या माणसाला मनातल्या मनात संगणकाचा बाण हलवता येणं हा उपचार आहे. धडधाकट माणसाने तेच यंत्र बसवून घेतलं तर ते क्षमतावर्धन. यंत्र तेच, माणूस बदलला की नाव बदललं.

ढोबळमानाने यात तीन थर आहेत. अंगावर चढवायची साधनं, म्हणजे व्हिडिओतला सांगाडा किंवा धावपटूचे खास बूट. अंगात जाणारी, म्हणजे गोळ्या, इंजेक्शनं, चिप. आणि वंशात उतरणारी. चीनमध्ये २०१८ साली एका शास्त्रज्ञाने गर्भातच जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. अंगावरचं काढून ठेवता येतं, अंगातलं काढायला डॉक्टर लागतो, वंशातलं काढताच येत नाही. कुठल्या थराला किती घाई चालेल, याचं बरंचसं उत्तर इथंच मिळतं.

अंदाज म्हणजे भविष्य सांगणं नव्हे

सोलापूरकराला अंदाज शिकवायची गरज नाही. पावसाळ्यात आपल्याकडे सकाळी पहिला प्रश्न असतो, उजनी किती टक्के? धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, म्हणून आपली उजनी 'मायनस'मध्येही जाते. धरण अमुक तारखेला भरेल, असं सांगा म्हणून कुणी हटून बसत नाही. टक्का बघून कालव्याचं आवर्तन ठरतं, उसाची लागण करायची की नाही हे ठरतं, शहरात नळाला पाणी किती दिवसांआड येणार हे ठरतं.

तंत्रज्ञानाचा अंदाजही असाच असतो. पुढे काय काय होऊ शकतं, त्यातलं काय जास्त संभवतं आणि त्यासाठी आज काय करून ठेवावं, एवढंच त्याचं काम. ज्वारी पेरणारा शेतकरी नक्षत्र बघतो, पण तिफण धरण्याआधी मूठभर माती दाबून वाफसाही बघतो. नक्षत्र झालं भाकीत, वाफसा झाली खूण. नियोजन खुणांवर चालतं.

"पण हे अंदाज तर चुकतातच की!"

चुकतात, आणि कसे चुकतात ते बघण्यासारखं आहे. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने तिथल्या वाणिज्य खात्याबरोबर एक मोठी कार्यशाळा घेतली. अतिसूक्ष्म कणांचं तंत्र, जीवशास्त्र, संगणक आणि मेंदूविज्ञान हे चार प्रवाह एकत्र आले तर माणसाची क्षमता किती वाढेल, हा विषय. पुढच्या वर्षी अहवाल आला. साधारण दोन दशकांत मेंदू आणि यंत्र थेट जोडले जातील आणि त्यामुळे कारखान्यातलं काम पालटून जाईल, अशी आशा त्यात होती.

दोन दशकं उलटून गेली. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत धोट्याच्या यंत्रमागावर कामगार आजही कांडी हातानंच बदलतो.

मग ते सगळं चूक होतं का? तसंही नाही. २००४ मध्ये ब्रेनगेट नावाच्या प्रयोगात मेंदूत बसवलेल्या बारीक तारांच्या साहाय्याने लकवा झालेल्या तरुणाने संगणकाचा बाण हलवून दाखवला. २०२४ मध्ये न्यूरालिंकने तीच वाट पुढे नेली, आणि पहिल्याच रुग्णात बऱ्याच तारा मेंदूतून मागे सरकल्या. मग संगणकाचा कार्यक्रम बदलून काम भागवावं लागलं. म्हणजे दिशा बरोबर, वेग चुकलेला. रॉय अमारा या अमेरिकी अभ्यासकाचं निरीक्षण इथं लागू पडतं: नव्या तंत्राचा जवळच्या काळातला परिणाम आपण फुगवून बघतो आणि लांबच्या काळातला कमी लेखतो.

असं होण्याचं कारण साधं आहे. 'प्रयोगशाळेत जमलं' आणि 'सिव्हिलमध्ये मिळतं' यांच्यामध्ये खूप पायऱ्या असतात. अमेरिकेच्या नासाने या पायऱ्या मोजायला एक ते नऊ अशी मोजपट्टी केली: एक म्हणजे नुसतं मूळ तत्त्व हाती लागलं, नऊ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालं. बातमी बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या पायरीची असते आणि वाचणाऱ्याला ती नवव्याची वाटते. कुठलीही चमत्कारिक बातमी वाचली की 'ही कितवी पायरी?' एवढं विचारायची सवय लावून घ्या, निम्मा गोंधळ तिथंच निवळतो.

वेग मापायची दुसरी युक्ती म्हणजे आधीच्या तशाच गोष्टीला किती वेळ लागला ते पाहणं. ऐकू न येणाऱ्यांसाठी कानाच्या आत बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट घ्या. ऐकण्याच्या नसेला विजेने चेतवण्याचा पहिला प्रयोग १९५७ साली फ्रान्समध्ये झाला. अमेरिकेत अशा यंत्राला पहिली मान्यता मिळाली १९८४ मध्ये. आणि २०२२ पर्यंत जगभर दहा लाखांहून अधिक यंत्रं बसली. सत्तावीस वर्षं काहीच होत नाही असं वाटलं आणि मग लाखो मुलं ऐकू लागली. मेंदूतल्या चिपबद्दल कुणी 'पाच वर्षांत घरोघरी' म्हणालं, तर हा हिशेब समोर ठेवावा.

जनुकदुरुस्तीचा वेग जास्त होता: क्रिस्पर नावाची कात्री २०१२ मध्ये जगासमोर आली, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा उपचार २०२३ मध्ये. अकरा वर्षं. पण अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर. सिकलसेलचे रुग्ण आपल्या विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर आहेत. त्यांच्यासाठी खरी तारीख मान्यतेची नाही, परवडण्याची आहे.

"मग तज्ज्ञांनाच विचारा ना"

विचारायचं, पण पद्धतीने. भावकीच्या बैठकीत थोरला बोलला की बाकीचे माना डोलावतात. तज्ज्ञांच्या बैठकीतही तेच होतं. म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत 'डेल्फी' पद्धत निघाली. प्रत्येकाने नाव न सांगता आपला अंदाज लिहून द्यायचा, मग सगळ्यांचे अंदाज सगळ्यांना दाखवायचे, पुन्हा लिहायला सांगायचं. अशा फेऱ्यांमधून मोठ्या नावाचा दाब जातो आणि मुद्दा उरतो.

माझी तक्रार चिठ्ठी कुणाकुणाला देतात, याबद्दल आहे. शास्त्रज्ञ, उद्योजक, अधिकारी हे त्या यादीत असतात. हमाल, यंत्रमाग कामगार, विडी वळणारी बाई यांना कुणी चिठ्ठी देत नाही. यंत्र कधी येईल हे शास्त्रज्ञ जास्त चांगलं सांगेल. आल्यावर कामाच्या जागी त्याचं काय होईल, हे मामा जास्त चांगलं सांगतात.

"यंत्र आलं की कष्ट कमी होणारच, अडचण कसली?"

इथं जरा थांबू, कारण सगळा तिढा इथं आहे.

हा सांगाडा कल्पनेतला नाही. त्याला एक्सोस्केलेटन म्हणतात. काहींना मोटर असते, काही नुसत्या स्प्रिंगवर चालतात. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये डोक्याच्या वर हात करून काम करणाऱ्या कामगारांसाठी असं स्प्रिंगचं जाकीट जगभरच्या आपल्या १५ कारखान्यांत नेलं. खांद्यावरचा ताण त्याने कमी होतो. पण ताण हवेत विरत नाही. तो दुसरीकडे, बहुधा कमरेवर आणि मांड्यांवर उतरतो. शिवाय ही साधनं मुख्यतः थंड देशांतल्या कारखान्यांचा विचार करून घडली आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर असताना अंगावर पट्टे आवळून कांदा उतरवायचा म्हणजे काय, हे इथंच तपासावं लागेल.

शरीराचं झालं. आता पैशाचं बघू. आकडे फक्त समजण्यापुरते धरा. समजा एका पोत्याची हमाली दहा रुपये आणि एक माणूस दिवसाला दीडशे पोती उतरवतो, म्हणजे दीड हजार रुपये. सांगाड्यामुळे तो दोनशे पोती उतरवू लागला. दर तोच राहिला तर त्याला दोन हजार मिळतील. दर साडेसात रुपयांवर आला तर दोनशे पोती उतरवूनही दीड हजारच. किंवा दर तसाच ठेवून चौघांच्या टोळीतला एक कमी केला, म्हणजे तिघांना जास्त आणि चौथा घरी. यंत्र तिन्ही वेळा तेच. फायदा कुणाच्या खिशात गेला हे यंत्राने ठरवलं नाही, दर ठरवणाऱ्या करारानं ठरवलं.

आणि मामांचा प्रश्न? पूर्वी हमालाच्या पाठीवर शंभर किलोचं पोतं असायचं. ते पन्नासवर आणायला हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. १९६९ चा माथाडी कायदाही अशाच लढ्यातून आला. पोत्याचं वजन पन्नास किलो, हा माणसाच्या शरीराची मर्यादा मान्य करणारा नियम आहे. आता पाठ यंत्राने बळकट झाली तर 'आता पंचाहत्तर का नको?' असं कुणीतरी विचारणारच. म्हणून मला वाटतं, सांगाड्याच्या आयातीपेक्षा पोत्याच्या वजनाची मर्यादा हा या विषयातला मोठा निर्णय आहे.

"ज्याला हवं तो घेईल, नको त्याने घेऊ नये"

ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण आपल्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर एकाने रात्रपाळी सुरू केली की काय होतं ते आठवा. शेजारच्याला करावी लागते, मग त्याच्या शेजारच्याला. माल वाढतो, टॉवेलचा भाव उतरतो आणि झोप सगळ्यांची जाते. पहिल्या माणसाने कुणावर सक्ती केली नव्हती. तरीही निवड कुणालाच उरली नाही.

परीक्षांच्या अभ्यासात हेच होऊ शकतं. एकाग्रता वाढवणाऱ्या म्हणून काही गोळ्यांची चर्चा विद्यार्थ्यांत असते. त्या मुळात वेगळ्या आजारांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या आहेत. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० निरोगी जणांना अशा तीन औषधांवर तपासलं. कोडं असं होतं: ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत कुठल्या वस्तू भरल्या तर सर्वात जास्त मोल भरेल? गोळी घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ दिला, जास्त खटपट केली, पण विचाराचा दर्जा घसरला. जोमाने काम केल्याचा भास आणि हाती कमी. लेकराच्या ताटाशेजारी अशी गोळी ठेवण्याआधी आईबापांना हे ठाऊक असलं पाहिजे.

"मग सरळ बंदीच घाला"

डेव्हिड कॉलिंग्रिज या ब्रिटिश अभ्यासकाने १९८० मध्ये एक पेच मांडला. तंत्र नवं असतं तेव्हा ते सहज वळवता येतं, पण त्याचे परिणाम माहीत नसतात. परिणाम कळतात तोवर ते इतकं रुजलेलं असतं की हलवता येत नाही. रोप असताना झाड कसलं ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा मुळं घराच्या पायात शिरलेली असतात.

सरसकट बंदीने लकवा झालेल्या माणसाची आशाही मरते. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने मर्यादा घालत जाणं जमतं, हे खेळांनी दाखवलंय. २००८ मध्ये पोहण्याचे खास पोशाख आले, पुढच्याच वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम पडले, आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बाद झाले. धावण्याच्या बुटांना मात्र बंदी केली नाही. २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळव्याची जाडी ४० मिलीमीटरपर्यंत, असा नियम केला. मोजता येणारा आकडा ठरवला की भांडण मिटतं. पन्नास किलोचं पोतं हा असाच आकडा आहे.

अंगातलं यंत्र बंद पडलं तर?

ही शंका फार कमी लोक विचारतात, आणि मला तीच जास्त छळते. दृष्टी गेलेल्यांच्या डोळ्यात बसवायचं 'आर्गस २' नावाचं यंत्र जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी घेतलं. उजेड आणि हालचाल पुसटशी दिसायला लागली. मग कंपनीने ते बनवणं थांबवलं, पुढे ती डबघाईला आली, आणि या माणसांच्या डोळ्यातलं यंत्र दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही.

याउलट आपला जयपूर फूट पाहा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी तो घडवला. रबर, लाकूड, साधी हत्यारं. शेतात, चिखलात, अनवाणी चालतो, मांडी घालून बसता येतं आणि बिघडला तर जवळचा कारागीर दुरुस्त करतो. कुठल्याही नव्या साधनाबद्दल 'काय करतं' याच्या आधी 'कोण दुरुस्त करतं' हे विचारा.

माहितीचंही असंच. कामगाराचा थकवा, हृदयाचे ठोके, हालचाल मोजणारे पट्टे या साधनांबरोबर येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी कामगाराची वेगळी संमती न घेता माहिती वापरण्याची मुभा आहे. कोण लवकर दमतं ही नोंद उपचारासाठी वापरली तर छान. तीच नोंद माणूस कमी करायला वापरली तर?

सोलापुरात आज काय करता येईल?

पुढचे तीन रस्ते डोळ्यांपुढे आणा. एक, सांगाडा परवडत नाही आणि येतच नाही. दोन, मोठ्या शीतगृहांत आणि गोदामांत येतो, यार्डात नाही. तीन, माणसाची पाठ बळकट करण्याची वेळच येत नाही, कारण सरकता पट्टा आणि यांत्रिक हात थेट पोतं उचलतात. तिसऱ्या रस्त्यावर कामच हातचं जातं, आणि तसं काम जाणं सोलापूरने एकदा पाहिलंय. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या भोंग्यावर या शहराची घड्याळं लागायची. पुढे एकेक मिल बंद पडत गेली, आणि त्या घरांतली माणसं मिळेल त्या कामाला लागली. दिवस बदलताहेत याच्या खुणा आधी दिसत होत्या. त्या खुणांवरून कामगारांसाठी तयारी व्हायला हवी होती, ती झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिन्ही रस्त्यांवर उपयोगी पडतील अशा गोष्टी आधी कराव्यात. पोत्याचं वजन करारात स्पष्ट लिहावं, 'साधन वापरलं तरी' हे तीन शब्द त्यात घालून. साधनाचं भाडं हमालीतून कापायचं नाही, हेही लिहावं. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. तिथल्या कामगारांची कानांची तपासणी दरवर्षी व्हावी आणि कानात घालायचे बोळे मिळावेत. कानातलं महागडं यंत्र येईल तेव्हा येईल, आज उरलेलं ऐकू येणं वाचवायला काही रुपये लागतात. आणि खुणांवर नजर ठेवावी: सांगाडे विकण्याऐवजी भाड्याने मिळू लागले, पुण्यात किंवा हैदराबादेत दुरुस्तीचं दुकान निघालं, एखाद्या ठेकेदाराच्या कागदात त्यांचा उल्लेख आला, तर वाफसा झाला असं समजावं.

पण सगळ्यात आधी एक नोंद हवी. यंत्र येण्याआधी माणूस किती काम करत होता आणि त्याला काय दुखत होतं हे लिहिलेलं नसेल, तर उद्या दर ठरवताना हमालाकडे बोलायला काही राहणार नाही. मी मामांना विचारलं, वही असते का? टोळीची हमाली वहीत असते, म्हणाले, पण किती वेळात, किती वजनाची आणि पाठ कधी धरली, हे कोण लिहितंय. पुढच्या हंगामापासून लिहायचं असं त्यांच्या टोळीने ठरवलंय. रकाने मी आखून दिलेत: तारीख, पोती, वजन, तास. शेवटचा रकाना मामांनी स्वतः सांगितला, 'कुठं दुखलं'.